पाठमोरे मास्तर

भालेराव मास्तरांचं तोंड मला आता नीट आठवत नाही, पाठ मात्र आठवते. खाकी शर्ट, खांद्यांच्या मधोमध घामाचा पट्टा, मानेवर बारीक कापलेले केस आणि डावा खांदा जरा खाली गेलेला. पोरं कामाला लागली की हा माणूस त्यांच्याकडं पाठ करून बसायचा. दगड असला तर दगडावर, नसला तर जमिनीवर मांडी घालून, पण तोंड दुसरीकडं. मागं तीस-बत्तीस पोरं चुली पेटवतायत, धूर झालाय, कुणीतरी कुणाच्या नावानं बोंबलतंय, आणि मास्तर नदीकडं बघत दोरीला गाठी मारतायत आणि त्याच गाठी सोडतायत.

मी मास्तरांच्या शाळेचा शिपाई. शिरूरला, म्हणजे आमच्या तोंडात घोडनदीला, शाळेची घंटा बरीच वर्षं माझ्या हातात होती. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. बापाची मेंढरं होती, ती विकून आम्ही गावात आलो. वाचता येतं आणि लिहिता येतं ते हे असं. शाळेतली पोरं, म्हणजे आता त्यांचेही केस पिकलेत, ती परवा म्हणाली की तात्या, मास्तरांवर चार पानं लिहा, आम्ही सुधारून घेऊ. मी म्हटलं, सुधारणार असाल तर तुम्हीच लिहा. मग त्यांनी कोरी वही आणून दिली. म्हणून हे जसं आहे तसं आहे. गुडघे दुखतात, एका बैठकीत होत नाही, तेव्हा कुठं तुटक वाटलं तर ते गुडघ्यांचं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा मास्तर आमच्याकडं आले. मूळचे दौंडचे, रेल्वेच्या चाळीतले. वडील इंजिनांच्या शेडमध्ये कोळशावर. मास्तर बौद्ध समाजातले, हे गावाला पहिल्या दिवशी कळलं. ते किती शिकलेत हे कळायला वर्ष गेलं. भूगोल शिकवायचे. स्काउटचं पथक कुणालाच नको होतं, म्हणून नव्या माणसाच्या गळ्यात पडलं.

आधी स्काउट म्हणजे काय होतं, तर सव्वीस जानेवारीला स्कार्फ बांधून झेंड्यापुढं उभं राहायचं, आणि वर्षातून एकदा कुठंतरी मुक्कामाला जाऊन माझ्या हातची खिचडी खायची. मी खिचडी चांगली करतो. हे मी सांगत नाही, खाणारे सांगतात. मास्तरांनी आल्या आल्या माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. म्हणाले, "तात्या, तुमच्या हातचं मी खाईन. पोरं त्यांच्या हातचं खातील." पोरांच्या हातचं म्हणजे खाली करपलेलं आणि वर कच्चं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. नववी-दहावीचे पेपर तपासताना ते जसे दमलेले दिसायचे, तसेच दिसत राहिले.

टोळ्या पाडायचं त्यांचं तंत्र मी तेव्हा बघितलं. पुस्तकात त्याला संघ म्हणतात, आम्ही टोळीच म्हणायचो. मास्तर म्हणाले, चार टोळ्या करा, ज्याला जिथं जायचं तिथं जा. पोरांनी काय करावं, तर जो तो आपल्या आळीत जाऊन उभा राहिला. पेठेतली एकीकडं, मळ्यातली एकीकडं, धनगरवाड्यातली एकीकडं आणि नदीकडच्या बौद्धवस्तीतली एकीकडं. मला वाटलं, आता हे चिडतील. चिडले नाहीत. बरं म्हणाले आणि रविवारी सगळ्यांना घोड नदीवर नेलं. प्रत्येक टोळीला सांगितलं, पलीकडं पोहून जायचं, दोरी बांधायची, चूल पेटवायची, भाकरी करायची आणि नकाशा काढून आणायचा. मग बसले पाठ करून.

पेठेतल्यांना नकाशा यायचा, पण पाण्यात पाय घालायची हिंमत नव्हती. मळ्यातली पोहायची, पण भाकरी थापायला एकालाही येत नव्हतं. आमच्या धनगरवाड्यातल्या पोरांना चूल आणि भाकरी दोन्ही यायचं, नकाशाचं नाव काढलं की ती माझ्यासारखी. नदीकडची पोरं दोरीच्या गाठीत पटाईत, पण काडेपेटी पाण्यात भिजवून बसलेली. दुपार कलली तरी कुणाचंच पुरं होईना. मास्तर मागं न बघता म्हणाले, "मग आता बदला." तेवढंच.

मग जे झालं ते शनिवारच्या बाजारासारखं. एक म्हणतो, तुमचा पोहणारा द्या, आमचा नकाशावाला घ्या. दुसरा म्हणतो, नकाशावाला एकटा न्हाई चालायचा, वर भाकरीवाला टाका. कुणी म्हणालं, तो घोरतोय, त्याच्यावर सूट द्या. हसून हसून पोरांच्या पोटात दुखलं. सांजेपर्यंत टोळ्या अशा कालवल्या गेल्या की कोण कुठल्या आळीचं ते मलाही चटकन सांगता येईना. घार, वाघ, हरीण आणि मोर अशी नावं पोरांनीच ठेवली. मास्तरांनी फक्त मोजून बघितलं की प्रत्येकीत आठाच्या वर कुणी नाही ना. ते म्हणायचे, "तात्या, आठापर्यंत माणसं दिसतात. नववा आला की गर्दी."

त्यांचे नियम थोडे होते, पण हलायचे नाहीत. प्रत्येक टोळीचं एक पातेलं आणि एक दोरी. दुसरीकडून काही मागायचं नाही. नायक टोळीनंच निवडायचा, काढायचा झाला तर बाकीच्या नायकांच्या सभेनं. नायकानं सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटी जेवायचं. मास्तर बोलणार ते फक्त नायकाशी, बाकी पोरानं काही सांगायचं तर नायकाला सांगायचं. आणि टोळीतलं टोळीत, म्हणजे आत काय झालं ते मास्तरांकडं चुगली करून पोचवायचं नाही.

या नियमापायी मी एकदा त्यांच्यावर भडकलो. वडगाव रासाईला भीमेच्या काठी मुक्काम होता. मोर टोळीतल्या एका पोराचा पाय खापरानं चिरला. ते रडत थेट मास्तरांकडं आलं. रक्त ठिबकतंय, आणि मास्तर विचारतायत, "तुझ्या नायकाला सांगितलंस?" पोरगं लंगडत माघारी गेलं. मी म्हटलं, अहो काय माणूस हाय का कोण. मास्तरांनी खिशातून पट्टी आणि औषधाची बाटली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "नायकाला द्या. त्याला बांधता येतं, मी शिकवलंय." नायकानं बांधली, बरी बांधली. परत आलो तर मास्तर दोरीला गाठ मारत होते, आणि गाठ बसत नव्हती.

घार टोळीचा नायक गौतम. नदीकडच्या वस्तीतला, बाप मार्केट यार्डात पोती उचलायचा. पोरगं हाडकुळं, बोलायला कमी, पण टोळी त्याच्यामागं जायची. त्याच टोळीत विलास होता. त्याचे वडील बाबूरावशेठ, यार्डातले मोठे आडतदार आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. म्हणजे एकाचा बाप पोती उचलणार आणि दुसऱ्याच्या बापाच्या आडतीवर ती पोती उतरणार. टोळीत मात्र विलासनं पाणी आणायचं ते गौतमनं सांगितल्यावर. विलास पोरगं वाईट नव्हतं, लाडावलेलं होतं इतकंच.

वडगावच्याच मुक्कामात पातेलं घासायची पाळी विलासवर आली. तो म्हणाला, आमच्या घरी बाई हाय घासायला. गौतम म्हणाला, "हितं न्हाई." पातेलं तसंच राहिलं. सकाळी घार टोळीची चूल पेटली नाही. गौतमनं सांगितलं, पातेलं घासल्याबिगर शिजवायचं न्हाई, आणि स्वतः दगडावर जाऊन बसला. बाकीच्या तीन टोळ्या खातायत आणि हे उपाशी. दुसऱ्या टोळीकडनं मागायची सोय नाही. पोरं विलासकडं नुसती बघायची, शिवी सुद्धा नाही. उन्हं वर आल्यावर विलास उठला, पातेलं नदीवर नेलं आणि वाळूनं घासायला लागला. नाक ओढत होता. गौतम जाऊन शेजारी बसला आणि तळाचं करपलेलं कसं सोडवायचं ते दाखवलं. मास्तरांची पाठ होती. मी बघत होतो.

पोरगं घरी गेल्यावर हातावरचे वाळूचे ओरखडे आईला दिसले. तक्रार म्हणून नाही, असंच त्यानं सांगून टाकलं. आईनं शेठला सांगितलं.

शेठ शाळेत आले तेव्हा पाणी मीच नेलं होतं, म्हणून ऐकलं. हेडमास्तर बिचारे खुर्चीच्या कडेवर बसलेले, भालेराव मास्तर टेबलाशी उभे. शेठ आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. हळू बोलायचे, त्यानं जास्त लागायचं. मास्तरांना म्हणाले, तुमची माणसं पुढं काढायची असतील तर खुशाल काढा, पण ती माझ्या पोराच्या डोक्यावर नकोत. तो नायक बदला. मास्तर म्हणाले, मी नेमला नाही, मी काढू शकत नाही, नायकांची सभा ठरवेल. शेठ हसले. म्हणाले, ठीक आहे, सभा घ्या.

ते का हसले ते मला बाहेर आल्यावर कळलं. उरलेले तीन नायक, त्यातल्या दोघांच्या घरचा कांदा शेठच्या आडतीवर उतरायचा.

सभा शुक्रवारी होती. मी घंटा देऊन मास्तरांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, एक शब्द टाका. पोरं तुमचं ऐकत्यात."

"ऐकतात, म्हणूनच टाकत नाही," ते म्हणाले. "तात्या, मी बाजू घेतली तर गौतम माझ्या समाजाचा म्हणून वाचला असं होईल. मग तो जन्मभर तसाच वाचलेला राहील."

मी म्हटलं, "आन् न्हाई वाचला तर?"

ते सभेच्या खोलीकडं चालू लागले.

सभा भूगोलाच्या खोलीत झाली. गौतम बाहेर व्हरांड्यात उभा, कारण गोष्ट त्याची होती. आत तीन नायक आणि मास्तर. मास्तरांना सभेत मत नसायचं, हाही त्यांचाच नियम. मी दारात उभा होतो. गौतमला काढा म्हणून दोन हात वर झाले. एक हरणाचा, एक मोराचा. मोराचं पोरगं हात वर करून रडत होतं. वाघाच्या नायकानं हात मांडीखाली दाबून धरला होता. मास्तर म्हणाले, "ठरलं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही की समजावलं नाही.

गौतमनं खिशावरच्या नायकाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आता घार टोळीनं नवा नायक निवडायचा होता. पोरं मैदानात गोल बसली. शेवटी गौतमच म्हणाला, "विलासला करा. त्याला आता पातेलं घासाय येतंय." सगळी हसली, विलास सोडून. आणि तोच नायक झाला.

त्या घटकेपासून पथकात मास्तरांचं आणि गौतमचं बोलणं बंद झालं. रागानं नाही, नियमानं. गौतम आता नायक नव्हता, साधा पोरगा होता, आणि साध्या पोराशी मास्तर बोलायचे नाहीत. वर्गात भूगोलाचं बोलायचे तेवढंच. मैदानात गौतम समोरून गेला तर मास्तरांची मान हलायची आणि थांबायची. मी ते बघितलंय. माझा नियमावर विश्वास कमी, मला असल्या वेळी माणसाच्या पाठीवर थाप मारायची सवय. पण ते माझं पथक नव्हतं. मला वाटतं, त्या दिवसापासून मास्तरांना एकच गोष्ट आतून खात होती. टोळीवर टाकलेला विश्वास खरा होता, की आपण नियमाच्या नावाखाली एका पोराला सोडून दिलं?

पुढच्या महिन्यात दौंडला मेळावा झाला. एसटीनं न्हावऱ्यावरून गेलो, पातेली टपावर. रेल्वेच्या ग्राउंडवर तंबू, पलीकडं यार्डात इंजिनांची सुंसुं, आणि धुतलेल्या भांड्यांवर कोळशाची काजळी येऊन बसायची. मास्तर त्यांच्या गावात आले होते, पण घरी गेले नाहीत. दुपारी जेवणं चालली होती. मास्तर रुळांकडं तोंड करून, घार टोळीकडं पाठ करून बसलेले. मी पाण्याची बादली घेऊन टोळ्यांमधनं फिरत होतो. तिथं मी एक गोष्ट बघितली. बादली खाली ठेवली आणि तडक मास्तरांकडं गेलो. म्हटलं, मास्तर, ऐका तरी, घारीत आत्ता काय झालं.

त्यांनी मागं न बघता हात वर केला. "टोळीतलं टोळीत, तात्या."

मी म्हटलं, वाईट न्हाई ओ.

"चांगलं असलं तरी."

मला राग आला. म्हटलं, ऱ्हाऊ द्या, पुन्हा विचारलंत तरी न्हाई सांगायचो. आणि मी बोललो म्हणजे बोललो.

वर्ष संपलं. शाळेनं पुढच्या साली स्काउटचा तास काढून त्या जागी संस्कृत टाकलं. कुणाच्या सांगण्यावरनं, ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तर दोन महिने भूगोल शिकवत राहिले. मग राजीनामा देऊन दौंडला गेले आणि तिथल्या एका शाळेत लागले. जाताना चारही दोऱ्या त्यांनी माझ्याजवळ दिल्या, गुंडाळून, गाठी सोडवून. पातेली शाळेनं ठेवून घेतली. पुढं स्नेहसंमेलनाच्या चहाला वापरायचे.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी लेकीकडं कुर्डूवाडीला निघालो होतो. दौंडला गाडी बदलायची. गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर मास्तर बसलेले. खूप वाळले होते, छातीचं काहीतरी होतं, बोलताना दम लागायचा. डॉक्टरांनी सांजेची हवा खायला सांगितली होती, आणि दौंडचा माणूस हवा खायला स्टेशनावरच येणार. मी चहा सांगितला. त्यांनी कप घेतला, माझ्या हातात कप येईपर्यंत तोंडाला लावला नाही.

इकडचं तिकडचं झालं. स्काउट पुन्हा हातात घेतलं का विचारलं, तर नुसती मान हलवली. मी सांगितलं की गौतम टेलिफोन खात्यात चिकटला, नाशकाकडं असतो. विलास बापाच्या आडतीवर बसतो. त्यांनी ऐकून घेतलं. कप रिकामा झाला तरी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तात्या, त्या दुपारी ग्राउंडवर तुम्ही मला काहीतरी सांगायला आला होतात."

मी म्हटलं, "आलो व्हतो."

"आता सांगा. आता माझी टोळी नाही."

मी म्हटलं होतं की सांगणार नाही, आणि मी शब्दाचा पक्का आहे. पण त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडं तोंड करून बसला होता, आणि वाट बघत होता. मग सांगितलं. म्हटलं, विलासनं सगळ्यांना वाढलं. गौतमच्या ताटलीतही वाढलं. सगळी जेवायला लागली, पण गौतम हात लावीना. त्याला शेवटी जेवायची सवय. विलास म्हणाला, "जेव की, मी नायक हाय, मी शेवटी." गौतम म्हणाला, "तू जेव, मला भूक न्हाई." विलास म्हणाला, "मग मलाबी न्हाई." दोघंही बसून राहिले. भात गार व्हायला लागला. बाकीची पोरं खायची थांबली.

मास्तर पुढं झुकले. अगदी हळू विचारलं, "मग आधी कोण जेवलं?"

मी म्हटलं, "कुणीच न्हाई. विलासनं पातेल्यातला उरलेला भात गौतमच्या ताटलीत ओतला आन् त्याच ताटलीपुढं मांडी घालून बसला. म्हणला, आता बघू कोण शेवटी. दोघांनी एका ताटलीत खाल्लं."

मास्तरांनी कप बाकावर ठेवला. मग बसल्या जागी हळूहळू फिरले, रुळांपलीकडं ते ग्राउंड होतं तिकडं तोंड करून, आणि माझ्याकडं पाठ झाली. शर्ट आता खाकी नव्हता, पांढरा होता. डावा खांदा तसाच खाली. तो खांदा हलत होता. दम्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही.

माझी गाडी लागली. मी पिशवी उचलली. ते तसेच बसले होते.